मी बिघडवलेला कॉम्प्युटर

आमच्या गावच्या शाळेतला पहिला कॉम्प्युटर मी बिघडवला, असं गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांच्या बोलण्यात राग नसतो. मी आता हैदराबादला कॉम्प्युटरचंच काम करतो हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे ‘गडी एक मशीन मोडून शिकला’ असं म्हणून हसतात. मीही हसतो. पण ते मशीन मी बिघडवलं नव्हतं, आणि हे माहीत असलेला माणूस माझ्याशिवाय गावात एकच होता. त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी त्याचे उपकार लिहिले पाहिजेत.

ते आमचे हेडमास्तर. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. मंठाळच्या पुढं, कन्नड मुलखात आमचं गाव, आणि आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. दिवाळी झाली की वडील कळप घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. मी चौथीत होतो तेव्हा मलाही बरोबर न्यायचं ठरलं. ते कळल्यावर सर आमच्या घरी आले, दारातल्या बाजेवर बसले आणि वडिलांना म्हणाले, ‘‘ह्याला मागं ठेवा. ह्याच्या जेवायचं मी बघतो.’’ वडिलांना नाही म्हणता आलं नाही. पुढं वसतिगृहाचा अर्ज सरांनीच भरला, गुलबर्ग्याच्या कॉलेजचा फॉर्मही त्यांनीच. बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा गुणपत्रिका मी आधी सरांना दाखवली आणि मग घरी गेलो. आमच्या घरात ती वाचता येणारं कुणी नव्हतंच, पण असतं तरी मी आधी सरांकडेच गेलो असतो.

पदवीनंतर मी हुमनाबादला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला. माझ्याबरोबरची मुलं एकेक करून हैदराबादला, पुण्याला जायला लागली. एका मित्रानं मलाही बोलावलं होतं, खोलीत जागा ठेवली होती. सरांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, ‘‘शाळेला कॉम्प्युटर येणार हाय. आज ना उद्या एक जागा कायम हुईल. नाव पाठवायचं माझ्या हातात हाय. तू कुठं जाऊ नको.’’

मी गेलो नाही. दोन वर्षं तात्पुरता शिक्षक म्हणून राहिलो. त्या जागेसाठी शाळा चालवणाऱ्या संस्थेनं सरकारकडं एक नाव पाठवायचं होतं, ते माझं असणार, एवढ्याच भरवशावर. साल दोन हजार पाच-सहाच्या सुमाराचं असेल.

कॉम्प्युटर सरांच्या खोलीशेजारच्या लहान खोलीत होता. खिडकीला पडदा, टेबलावर निळं कापड, दाराबाहेर चपला काढून आत जायचं. मुलांच्या गुणांच्या याद्या मी त्यावर करायचो, पालकांसाठी मराठीत आणि सरकारी ऑफिसला पाठवायच्या त्या कन्नडमध्ये. शाळेचं सगळं काम त्या एका डब्यात होतं, आणि डब्यावर दुकानदारानं लावलेलं एक कागदी सील होतं. ते फाटलं तर गॅरंटी जाईल, म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ‘‘डबा उघडायचा न्हाई. काय करायचं ते बाहेरून कर.’’

घट बसायच्या आधी आमच्याकडं घर धुऊन काढतात. अंथरुणं, पांघरुणं, डबे, मडकी, सगळं. त्या आठवड्यात शाळेचीही झाडलोट चालली होती. कॉम्प्युटरमध्ये तोवर व्हायरस भरले होते. कुणीही हुमनाबादहून फ्लॉपी आणायचं आणि त्यातून लग्नपत्रिका छापून मागायचं. मी सरांना म्हणालो, ‘‘सर, ह्याला बी एकदा धुऊन काढू का? विंडोज नव्यानं टाकतो.’’ सर हसले. म्हणाले, ‘‘धू की. दसऱ्याला सगळं नवं पायजे.’’

मी सगळ्या याद्या सीडीवर काढून घेतल्या, फॉरमॅट केलं, विंडोज टाकलं. अर्ध्या दिवसाचं काम. मशीन कसं चटचट चालायला लागलं! फॉन्ट आणि अँटिव्हायरस टाकायचं काम मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संपवलं.

खंडेनवमीला आमच्या भागात प्रत्येक यंत्राची पूजा होते. हुमनाबादच्या हायवेवरच्या लॉऱ्यांपासून शिंप्याच्या मशीनपर्यंत सगळ्यांना हार. कॉम्प्युटरचा तो पहिलाच दसरा. आदल्या दिवशी सर मला म्हणाले, ‘‘तुमच्या घरचा भंडारा आण. देवाचा हाय, चांगला.’’ मायनं देवाच्या डब्यातला भंडारा काढून दिला. जत्रेत देवावर उधळलेला, तिनं पदरात झेलून आणलेला. कुणाला सहज द्यायची नाही ती. माझ्या मशीनसाठी म्हणून तिनं गच्च मूठभर पुडीत बांधून दिला.

पूजेला संस्थेचे अध्यक्ष आले होते. म्हातारे शेतकरी, धोतर, डोक्याला पटका. सरांनी डबा टेबलावर आडवा ठेवायला लावला, म्हणजे वर नारळ-फुलं नीट बसतील. आडवा केल्यावर त्याच्या बाजूची भोकांची जाळी वर आली. मी मशीन बंद करायला हात घातला तर सर म्हणाले, ‘‘चालू राहू दे. बंद मशीनची पूजा म्हंजे झोपल्याल्या माणसाला कुकू लावल्यावानी.’’ सगळे हसले. सरांनी स्वतःच्या हातानं भंडारा त्या जाळीवर वाहिला. आतला पंखा फिरत होता. भंडाऱ्याची ती पिवळी रास हळूहळू खाली बसत गेली आणि आत गेली.

‘‘बघा, देवानं घेतला,’’ सर म्हणाले.

अध्यक्षांनी हात जोडले. त्यांनी नारळ फोडला आणि त्यातलं पाणी मशीनवर शिंपडलं. अगरबत्ती, कापूर झाला. मी ताट धरून उभा होतो. खरं सांगायचं तर माझ्या मनात तेव्हा काळजी वगैरे काहीच आली नाही. मायच्या हातचा भंडारा आत गेला, याचा आनंदच झाला होता. कॉम्प्युटर शिकलेला खोलीत मी एकटा. पंख्याच्या तोंडावर पूड टाकू नये हे कळायला पाहिजे होतं ते मलाच. माझी चूक म्हणून जी काही होती ती तेवढी होती, आणि तिच्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही.

दसऱ्याची सुट्टी संपली. पहिल्या दिवशी मशीन सुरू केलं. पाच-दहा मिनिटं बरं चाललं, मग जड झालं. माउस हलवला की बाण थांबून थांबून सरकायचा. अक्षर दाबलं की तीन-चार मोजावेत तेव्हा उमटायचं. चाळीस मुलांची यादी उघडायला लागायचा तेवढ्या वेळात आमचे शिपाई अप्पा चहा करून आणायचे.

मी आधी अँटिव्हायरसवर संशय घेतला. ते काढून टाकलं, फरक नाही. मग वाटलं फॉन्ट जास्त झाले. अर्धे काढले. टास्क मॅनेजर उघडून कुठला प्रोग्राम मशीन खातोय ते बघितलं, तर खाणारं कुणीच नव्हतं. मदरबोर्डची सीडी शोधून ड्रायव्हर पुन्हा बसवले. हार्ड डिस्क तपासायला लावली. ती तपासणी सकाळच्या प्रार्थनेला सुरू झाली ती शाळा सुटली तरी संपेना. वहीत मी रोज लिहून ठेवायचो, आज काय काढलं, काय टाकलं. आठ दिवसांनी, शेवटचा उपाय म्हणून, विंडोज पुन्हा टाकलं. पहिल्यांदा अर्धा दिवस लागला होता, या वेळी दीड दिवस लागला. आणि मशीन तसंच.

शाळेत बोलणं सुरू झालं होतंच. मास्तर लोक येता-जाता डोकवायचे. ‘‘काय इंजिनियर, धुतलास ते आटलं जणू!’’ एकानं विचारलं, ‘‘पुसताना मेंदूच पुसलास का रे त्याचा?’’ मी हसून घ्यायचो. कारण मलाही तसंच वाटत होतं. फॉरमॅटच्या आधी मशीन चालत होतं, आणि आता चालत नाही. मधे मी हात लावला होता. दुसरं कारण कुठं दिसत होतं?

अप्पा मात्र वेगळं बोलले. एकदा दुपारी तासभर लाइट गेली. आल्यावर मी मशीन सुरू केलं तर ते अगदी पहिल्यासारखं पळायला लागलं. दहा मिनिटांनी पुन्हा जड. अप्पा दारात उभं राहून बघत होते.

‘‘दमायलंय ते,’’ अप्पा म्हणाले.

‘‘मशीन कुठं दमतंय का अप्पा?’’

‘‘कामून दमत न्हाई? सकाळी बरं चालायलंय. लाइट जाऊन आली की बरं चालायलंय. बैलाचं आन त्याचं सारखंच हाय. हात लावून बघ की, तापलंय का.’’

मी डब्याच्या बाजूला हात लावला. जाळीजवळचा पत्रा चटका बसेल इतका गरम होता.

वहीत लिहिलेलं सगळं मी त्या दिवशी परत वाचलं. प्रत्येक दिवशी सकाळी पहिल्या नोंदीपुढे ‘ठीक’ असं लिहिलं होतं. मी ते रोज लिहीत होतो आणि रोज त्याच्याकडे दुर्लक्ष करत होतो. बिघाड विंडोजमध्ये असता तर तो दहा मिनिटं थांबून आला नसता. रविवारी शाळेला कुणी नसताना मी गेलो, आणि सरांनी बजावलेलं असूनही सील फाडून डबा उघडला.

प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांचा एक ठोकळा असतो. त्या पट्ट्यांच्या फटींतून वारा जातो आणि प्रोसेसर थंड राहतो. त्या फटी दिसतच नव्हत्या. भंडारा आत जाऊन बसला होता, त्यात नारळाचं पाणी मुरलं होतं, वर धूळ आणि अगरबत्तीची राख, आणि खालच्या उष्णतेनं ते सगळं भाजून कडक झालं होतं. भिंतीच्या गिलाव्यासारखं. वारा लागेना म्हणून प्रोसेसर जळू नये यासाठी स्वतःच आपला वेग कमी करून घेत होता. कोर्समध्ये हे शिकवलं होतं. मी परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं.

तो पिवळा रंग ओळखायला मला क्षणही लागला नाही.

डबा तसाच उघडा ठेवून मी सरांच्या घरी गेलो. मला वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त हलकं वाटत होतं. फॉरमॅट चुकलं नव्हतं. सरांना सगळं सांगितलं.

‘‘हे कुणाला सांगितलास?’’

‘‘कुणालाच न्हाई सर.’’

‘‘सांगू नको. अध्यक्षांनी सोता नारळ फोडलेत. त्यांना काय सांगू, तुमच्या पूजेनं मशीन बिघडलं म्हणून? गाव काय म्हणल? देवाचं नाव मधी आणायचं न्हाई.’’

मला ते पटलं, आणि कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिला. ते आजही पटतं. देवाच्या भंडाऱ्याबद्दल गावात चर्चा व्हावी असं मलाही वाटत नव्हतं.

‘‘साफ करून टाक,’’ सर म्हणाले. ‘‘बाकीचं मी बघतो.’’

मी त्याच दिवशी हुमनाबादला जाऊन प्रोसेसरवर लावायचा पांढरा लेप आणला. दुसऱ्या दिवशी पहाटेच शाळा गाठली, ठोकळा काढला, सुई आणि दात घासायच्या ब्रशनं एकेक फट मोकळी केली. खाली पडलेली पूड टाकवेना, म्हणून कागदात गोळा करून शाळेमागच्या विहिरीत सोडली. लेप लावून ठोकळा बसवला, डबा बंद केला आणि मशीन सुरू केलं. तासभर चालवून बघितलं. पळत होतं. शाळा भरायच्या आत सरांना जाऊन सांगितलं, ‘‘सर, झालं.’’ त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्याच आठवड्यात सरांचा भाचा हैदराबादहून आला. त्यानंही कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. सरांनी त्याला त्या खोलीत आणून बसवलं आणि मला म्हणाले, ‘‘तू चार दिवस वर्गावर राहा. लई दमलास.’’ मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलगा चांगला होता, त्याला काही माहीत नव्हतं. मला म्हणाला, ‘‘मामा म्हणले, नुसतं बसून ऱ्हा.’’ मास्तर लोक डोकावून गेले आणि मशीन पळताना बघून त्यांनी तोंडात बोटं घातली. ‘‘बघा, हैदराबादचा हात लागला!’’

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर संस्थेची बैठक होती. मलाही बोलावलं म्हणून मी समजलो की नावाचं असणार. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. अध्यक्ष, दोन सभासद, सर आणि भिंतीकडेला मी.

‘‘मास्तर, मशीन सुरू झालं म्हणं?’’ अध्यक्षांनी विचारलं.

‘‘झालं की. भाच्यानं बसवलं सगळं.’’ सर रजिस्टर चाळत बोलत होते. ‘‘ह्या पोरानं न इचारता पुसून टाकलं होतं. पोरगं वाईट न्हाई, पण अजून कच्चं हाय. कायमच्या जागेवर कच्चा माणूस कसा देणार?’’

मला आधी कळलंच नाही की हे माझ्याबद्दल चाललंय. न विचारता? मी विचारलं होतं, आणि ते हसून ‘धू की’ म्हणाले होते.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. ‘‘काय रे? इचारायचं न्हाई का? शाळेचं मशीन हाय, तुझ्या घरचं हाय का?’’

मी सरांकडे बघितलं. सर रजिस्टरमधून डोकं वर काढत नव्हते. मी थांबलो. ते काहीतरी बोलतील, आपलं माणूस आहे असं तरी म्हणतील, असं वाटत होतं. खोलीत सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी खरं बोललो असतो तर समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर, तुमच्या हातून झालं, असं म्हणावं लागलं असतं. आणि सरांना मी शब्द दिला होता.

‘‘चुकलास का न्हाई?’’ अध्यक्ष म्हणाले.

‘‘व्हय,’’ मी म्हणालो. ‘‘चुकलं.’’

भाच्याचं नाव पाठवायचं ठरलं. सर्वांनी सह्या केल्या. बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. मला अजून आठवतं, ते अजिबात ओशाळलेले नव्हते. उलट आवाजात माया होती.

‘‘रागावू नको. तू घरचा हाईस म्हणून तुझ्यावर घातलो. परक्यावर घालता येतंय का? बहिणीचं पोरगं हाय, तिनं पदर पसरला. तुझं काय, तू हुशार हाईस. तुला कुठं बी मिळंल.’’

दोन वर्षांपूर्वी मी हुशार होतो तेव्हा त्यांनी मला ‘जाऊ नको’ म्हटलं होतं. हे मी त्यांना म्हणालो नाही. ‘‘व्हय सर,’’ म्हणालो.

वडील कळपाबरोबर गावच्याच माळावर होते. घरी माय एकटीच होती. ती कुणाच्या तरी शेतात तुरीत खुरपायला जायची, तिथं बायकांनी तिला सांगितलं असणार. मी आत शिरलो तेव्हा ती चुलीपुढं बसली होती. तिनं मागं वळूनही न बघता विचारलं, ‘‘शाळेचं मशीन तू मोडलास म्हणायलेत. खरं हाय का?’’

इथं तरी मी खरं सांगणार होतो. शब्द तोंडात आले होते. आणि मग माझ्या डोळ्यापुढं ती पुडी आली. खरं सांगायचं म्हणजे तिला सांगायचं की, माय, तू दिलेल्या भंडाऱ्यानं झालं. तिनं ते कसं घेतलं असतं? वाऱ्याची वाट बंद झाली, धातू तापला, हे तिला समजावता आलं नसतं. देवानं आपल्या हातचं घेतलं आणि त्यानंच आपल्या लेकराची जागा गेली, एवढंच ती जन्मभर मनात घेऊन बसली असती. सरांनी मला गप्प बसवताना याचा विचार केला नसेल. पण त्यांनी घातलेलं ते कुलूप माझ्या घरापर्यंत येऊन बसलं होतं.

‘‘व्हय माय,’’ मी म्हणालो. ‘‘माझ्या हातनं मोडलं.’’

तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘‘सरांच्या पाया पडलास का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘न्हाई? ज्यानं तुला माणसात आणलं त्याच्या शाळेचं मशीन मोडलास आन तसाच घरी आलास? ऊठ.’’

तिनं नव्या मुगाची पिशवी घेतली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि आम्ही दोघं सरांच्या घरी गेलो. सर पुढच्या खोलीत बसले होते. माय खुर्चीवर बसली नाही, दाराजवळ खाली बसली. सरांच्या घरच्या बाईंनी चहा आणला तरी तिनं कप हातात घेतला नाही.

‘‘लेकराचं चुकलं सर,’’ ती म्हणाली. ‘‘त्याला अक्कल न्हाई. तुमी व्हता म्हणून ते शिकलं, न्हाईतर मेंढरामागंच गेलं असतं. तुमचं नुकसान केलं त्यानं. आमी कसं फेडावं? तुमी त्याला पदरात घ्या.’’

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्या आठवड्यात पहिल्यांदाच सरळ बघितलं. मी मनात म्हणत होतो, सर, आता इथं कुणी नाही. अध्यक्ष नाहीत, गाव नाही. जागा राहू दे. फक्त माझ्या मायला एवढंच सांगा की पोरानं काही केलं नाही. कसं झालं ते सांगू नका. पोरानं काही केलं नाही, एवढंच.

‘‘जाऊ द्या हो,’’ सर म्हणाले. ‘‘लेकराकडनं व्हतंय. मी कवाच माफ केलोय.’’

मायनं मला ढकललं. मी वाकलो, त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मुगाची पिशवी त्यांच्या घरच्या बाई आत घेऊन गेल्या.

परतताना माय मोकळी झाली होती. वाटेत दोघी-तिघी बायका भेटल्या त्यांना तिनं आपणहून सांगितलं, ‘‘सरांनी माफ केलं त्याला. देवमाणूस हाय.’’ मी तिच्या मागून चालत होतो.

सोमवारी सकाळी मी हुमनाबादला जाऊन हैदराबादची बस धरली. चौथीपासून मी गावाबाहेर पाऊल टाकायच्या आधी सरांच्या घरी जाऊन यायचो. परीक्षेला जाताना, कॉलेजला जाताना, कोर्सला जातानाही. त्या दिवशी त्यांच्या दारावरून गेलो. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्या हातातली बॅग बघितली. मी थांबलो नाही.